जुन्या विंडोज टॅबवर डेबियन लिनक्स: नागपुरातल्या नवशिक्यांसाठी सुरुवातीपासून

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच्या काळात घेतलेले दहा इंची विंडोज टॅब अजून अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात पडून आहेत. पडदा ठीक आहे, बॅटरी दोनतीन तास टिकते, पण विंडोज सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेते आणि अपडेटला जागा पुरत नाही. विंडोज ११ या यंत्रांवर बसत नाही, कारण त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते. यांपैकी बहुतेक टॅबमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा आहे. अशा टॅबवर डेबियन लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, नीट चालते. मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, पीडीएफ वाचणे, ऑनलाइन अर्ज भरणे, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणे एवढ्या कामांना तो सहज पुरतो.

एक सूचना आधीच. या लेखात फाइलींची आणि मेनूंची इंग्रजी नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाईप करायची.

आपला टॅब कोणता?

सगळा खेळ प्रोसेसरवर आहे. टॅबवर मुळात विंडोज आले असेल आणि आत इंटेल प्रोसेसर असेल, तरच हा लेख जसाच्या तसा लागू पडतो. मायक्रोमॅक्स कॅनव्हास लॅपटॅब, एसर वन १०, असुस ट्रान्सफॉर्मर बुक टी१००, लेनोव्हो मिक्स ही या वर्गातली ओळखीची नावे. मायक्रोसॉफ्टचे बहुतेक सरफेसही याच जातीचे, पण ताकदीने बरेच पुढचे.

अँड्रॉइड टॅबचे तसे नाही. बहुतेकांत एआरएम जातीचा प्रोसेसर असतो आणि पेनड्राइव्ह लावून बूट करण्याची, म्हणजे यंत्र त्यावरून सुरू करण्याची, सोय नसते. 'अँड्रॉइड टॅबवर विंडोज टाकून देतो' असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये लिनक्सचा डेस्कटॉप चालवता येतो, पण तो अँड्रॉइडच्या पोटातला पाहुणा असतो. अँड्रॉइड १२ पासून यंत्रणा अशा ॲपच्या जादा प्रोसेस मध्येच मारून टाकते, आणि पडद्यावर 'सिग्नल ९' असे दिसून सगळे बंद पडते. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा काढायचे बटण मिळते. टर्मक्स घ्यायचे तर एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या संग्रहातूनच घ्यावे. तो विषय वेगळा, इथे थांबतो.

बत्तीस आणि चौसष्टचा घोळ

नवशिक्याचे काम सर्वांत जास्त वेळा अडते ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथे 'सिस्टिम टाइप' नावाची ओळ आहे. त्या ओळीत '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर' असे लिहिले असेल तर समजा की प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण टॅब सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे यूईएफआय, ३२ बिटचे आहे. इंटेलच्या ॲटम झेड३७३५एफ आणि झेड३७४० या चिपांचे बहुतेक टॅब असेच आले. बे ट्रेल म्हणतात ती हीच पिढी. तिच्यानंतरच्या चेरी ट्रेल पिढीत, म्हणजे झेड८३०० किंवा झेड८३५० मध्ये, दोन्ही प्रकार सापडतात.

याचा परिणाम असा होतो. ३२ बिटचे यूईएफआय पेनड्राइव्हवर फक्त एकच फाइल शोधते: बूटआयए३२, पुढे टिंब आणि ईएफआय. ६४ बिटच्या बहुतेक लिनक्समध्ये, उबंटू या लोकप्रिय लिनक्समध्येही, फक्त बूटएक्स६४ असते. मग पेनड्राइव्ह उत्तम असतो, फाइल पूर्ण उतरलेली असते, केबलही ठीक असते, तरी टॅबच्या बूट यादीत पेनड्राइव्हचे नावच येत नाही. लोक तीन पेनड्राइव्ह बदलतात, चूक मात्र पेनड्राइव्हची नसते.

म्हणून डेबियन. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून वायफाय वगैरेंच्या चिपना लागणारे फर्मवेअर (चिप चालवणाऱ्या छोट्या फाइली) डेबियनच्या अधिकृत फाइलींतच मिळते, आणि ६४ बिटच्या फाइलीत ३२ बिटच्या यूईएफआयची सोयही असते. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती आली. विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहून घ्या. फाइल उतरली की विंडोजमध्ये तिच्यावर डबल क्लिक करा, ती सीडीसारखी उघडते. आत ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर. तिथे बूटआयए३२ दिसली की पुढचा रस्ता मोकळा.

प्रोसेसर ६४ बिटचा असताना 'विंडोज ३२ बिटची आहे' म्हणून ३२ बिटचे लिनक्स शोधत बसू नका. तसे लिनक्स आता कमी होत चालले आहे. डेबियननेही १३ व्या आवृत्तीत ३२ बिट इन्स्टॉलर देणे बंद केले.

सामान

टॅबला पेनड्राइव्ह, कीबोर्ड वगैरे जोडता यावेत म्हणून एक ओटीजी केबल किंवा ॲडॉप्टर लागेल. टॅबला मायक्रो यूएसबी असेल तर मायक्रोची, टाइप-सी असेल तर सीची. एक यूएसबी हब, वायरचा कीबोर्ड, वायरचा माऊस, ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह आणि बॅकअपसाठी १६ जीबीचा आणखी एक. एवढे सगळे सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत एका फेरीत मिळते. दुकानात नुसते 'ओटीजी द्या' म्हणू नका. टॅब सोबत न्या आणि तिथेच पेनड्राइव्ह लावून विंडोजमध्ये दिसतो का पाहून मगच केबल घ्या. साध्या केबलचे आणि ओटीजी केबलचे टॅबला लागणारे टोक बाहेरून सारखेच दिसते. फरक पिनच्या आतल्या जोडणीत असतो.

हब घेताना वेगळा ॲडॉप्टर जोडता येईल असाच घ्या. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह आणि इंटरनेटसाठी पुढे जोडायचा फोन असे चौघे जण टॅबच्या एका इवल्या पोर्टातून वीज ओढू लागले की पेनड्राइव्ह मध्येच तुटतो, आणि इन्स्टॉलर 'फाइल वाचता आली नाही' म्हणून थांबतो. ब्लूटूथ कीबोर्ड इथे चालत नाही, कारण बूट मेनूच्या वेळी ब्लूटूथ जागे झालेलेच नसते. कीबोर्डच्या डॉकवर पूर्ण आकाराचे यूएसबी पोर्ट असलेला टॅब असेल तर हबशिवायही भागते.

अनेक टॅबमध्ये चार्जिंगला आणि ओटीजीला एकच भोक आहे. म्हणजे काम चालू असताना चार्जिंग होणार नाही. बॅटरी १०० टक्के करून, टॅब थंड असतानाच सुरुवात करा. सगळे मिळून तासभर ते दीड तास लागतो.

सुरू करण्याआधी टॅब आडवा धरून कडेने नीट बघा. पडदा एका बाजूने उचलला गेला असेल, मागचे झाकण फुगलेले वाटत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तो टॅब चार्जही करू नका. आधी दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या.

विंडोज पुसण्याआधी तीन गोष्टी

पहिली: रिकव्हरी ड्राइव्ह. स्टार्ट मेनूत 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा, १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, सिस्टिम फाइलींच्या खुणेवर टिक ठेवा. उद्या परत विंडोज हवे झाले तर हाच मोठा आधार. त्या पेनड्राइव्हवर टॅबचे मॉडेल लिहून ठेवा.

दुसरी: सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी या क्रमाने आत जा आणि हा शेवटचा फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. दोनेक जीबी असेल. बऱ्याच स्वस्त टॅबचा टचस्क्रीन सायलीड कंपनीच्या चिपवर चालतो. त्या चिपला दर वेळी सुरू होताना बाहेरून फर्मवेअर भरवावे लागते, आणि ते त्या मॉडेलपुरतेच असते. विंडोज पुसले की तेही जाते. तुमच्यात हीच चिप आहे का, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळते. ह्युमन इंटरफेस डिव्हाइसेसखाली 'केएमडीएफ एचआयडी मिनीड्रायव्हर फॉर टच आय२सी डिव्हाइस' दिसले, आणि त्याच्या हार्डवेअर आयडीत एमएसएसएल१६८० असेल, तर सायलीड समजा.

तिसरी: बिटलॉकर. काही टॅबमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. पुढे सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केले की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्या. नाहीतर लिनक्स नुसते तपासून आवडले नाही म्हणून, विंडोज पुसण्याआधीच, मागे फिरायचे ठरवाल आणि स्वतःचेच फोटो हाती लागणार नाहीत.

पेनड्राइव्ह तयार करणे

डेबियनच्या संकेतस्थळावरून दोन फाइली घ्या. एक 'लाइव्ह' एक्सएफसीई (हा एक हलका डेस्कटॉप) आवृत्ती, सुमारे ३ जीबीची, काहीही न पुसता नुसती तपासून पाहायला. दुसरी 'नेटइन्स्ट', १ जीबीच्या आतली, प्रत्यक्ष इन्स्टॉल करायला. दोन्हींच्या नावात एएमडी६४ असते. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हीच फाइल बरोबर आहे. ते नाव ६४ बिट रचनेचे आहे, कंपनीचे नाही.

रूफस हे मोफत सॉफ्टवेअर वापरून दोन पेनड्राइव्हवर त्या दोन फाइली उतरवा. स्टार्ट दाबल्यावर ते विचारते की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. डीडी निवडा. लिहून झाल्यावर विंडोज 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' असे म्हणू शकते. त्याला नाही म्हणा. पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो, विंडोजला फक्त त्यावरची मांडणी वाचता येत नाही.

बूट करणे आणि आधी तपासणे

पेनड्राइव्ह, हब, कीबोर्ड जोडा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तिथे सिक्युअर बूट 'डिसेबल्ड' करा, फास्ट बूट असेल तर तेही बंद करा, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. वर्षभर पडून राहिलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते. ती तशीच राहिली तर पुढे इन्स्टॉलर नेटवरून पॅकेजेस घ्यायला नकार देतो, कारण त्याच्या हिशेबाने त्या फाइलींवरची तारीख अजून यायचीच आहे. ही चूक सापडायला फार त्रास होतो, सुधारायला अर्धा मिनिट.

सेव्ह करून बाहेर पडा आणि बूट यादीतून पेनड्राइव्ह निवडा. सरफेसमध्ये याचे सोपे बटण आहे: आवाज कमी करायचे बटण दाबून धरून पॉवर दाबा. इतरांत एस्केप, एफ२, एफ७, एफ१२ किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ चालते.

मेनू आडवा, म्हणजे ९० अंशांनी फिरलेला दिसला तर घाबरू नका. यांतल्या अनेक टॅबचा पडदा मुळात उभ्या फोनसारखा बनवलेला असतो, आणि विंडोज तो गुपचूप फिरवून दाखवत असे. मान वाकडी करून बाणांच्या कळांनी 'लाइव्ह सिस्टिम' निवडा.

डेस्कटॉप आला की पंधरा मिनिटे काढून तपासा. वायफायच्या यादीत घरचे नाव येते का? यूट्यूबवर आवाज येतो का? पडद्याला बोट लावले की बाण तिथेच जातो, की दुसऱ्याच कोपऱ्यात? बॅटरीची टक्केवारी दिसते का? उजेड कमीजास्त होतो का? जे चालत नाही ते कागदावर लिहा. वायफाय आणि पडदा चालत असेल तर पुढे जा. टच किंवा आवाज यांचा इलाज बहुतेक वेळा नंतर करता येतो. वायफायच दिसत नसेल आणि टॅब त्यासाठीच हवा असेल, तर इथेच थांबा किंवा लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी वायफाय घ्यायची तयारी ठेवा. अजून काहीच पुसलेले नाही.

कॅमेऱ्याची आशा धरू नका. बे ट्रेल आणि चेरी ट्रेल टॅबचे कॅमेरे इंटेलच्या आयएसपी नावाच्या ज्या चित्र-प्रक्रिया यंत्रणेवर आहेत, तिचा लिनक्समधला पाठिंबा घरगुती वापराइतका पक्का नाही. व्हिडिओ कॉल हवेच असतील तर यूएसबी वेबकॅम लावा.

इन्स्टॉल

टॅबमधले मेमरी कार्ड आधी काढून ठेवा. टॅबची आतली डिस्क आणि मेमरी कार्ड, दोघांचीही नावे एमएमसीबीएलके अशीच सुरू होतात, आणि चुकीच्या नावावर बोट पडले की कार्डावरचे लग्नाचे फोटो जातात.

नेटइन्स्टला इंटरनेट लागते. इन्स्टॉलरमध्ये टॅबचे वायफाय चालेलच याचा भरवसा नाही, म्हणून फोन वापरा. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवा, डेटा केबलने हबला लावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोन आपले वायफायच टॅबला पुढे देतो, मोबाइल डेटा खर्च होत नाही. साधारण दीड जीबी उतरते, तेवढ्याची तरतूद ठेवा. इन्स्टॉलरने कोणते नेटवर्क म्हणून विचारले तर डब्ल्यूएलने सुरू होणारे नाव वायफायचे, आणि ईएनने किंवा यूएसबीने सुरू होणारे फोनचे.

मेनूतून ग्राफिकल इन्स्टॉल निवडा. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण पहिल्यांदा इंग्रजी घ्यावी. अडले तर दिसलेला संदेश शोधायला सोपे जाते, आणि नंतर मराठी करता येते. देश इंडिया, कीबोर्ड अमेरिकन इंग्लिश, कारण आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड त्याच मांडणीचे असतात.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागितला की ती जागा दोन्ही ठिकाणी रिकामी सोडून पुढे जा. असे केले तर तुमच्याच खात्याला सगळे अधिकार मिळतात आणि एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. इथे काहीतरी भरून टाकले की नंतर सॉफ्टवेअर घालताना 'तुम्हाला अधिकार नाही' असा निरोप येत राहतो.

डिस्कच्या पानावर 'गाइडेड, युज एन्टायर डिस्क' घ्या. यादीत आकार बघा. ३२ जीबीच्या टॅबची डिस्क ३१ जीबीच्या आसपास दिसते आणि नावात एमएमसी असते, तुमचा पेनड्राइव्ह एसडीएने सुरू होतो. आतल्या डिस्कचेच बूट० आणि बूट१ नावाचे काही एमबीचे तुकडेही दिसतील, त्यांना हात लावू नका. पुढे 'ऑल फाइल्स इन वन पार्टिशन'. विंडोज शेजारी ठेवून दोन्ही चालवायची इच्छा होते, पण ३२ जीबीत दोघांचाही जीव गुदमरतो. ६४ जीबी किंवा जास्त असेल तरच तो विचार करा.

मिररसाठी, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरसाठी, इंडिया निवडा. शेवटी 'सॉफ्टवेअर सिलेक्शन' येते, आणि इथला निर्णय टॅबच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा आहे. डेबियन आपणहून नोम या डेस्कटॉपवर टिक करून ठेवते. २ जीबी रॅम असेल तर ती टिक काढा आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपवर करा. 'डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट'वरची टिक राहू द्या. ४ जीबी किंवा जास्त असेल तर नोमच ठेवा. बोटाने वापरायला तो सगळ्यांत सोयीचा: मोठी बटणे, स्वतःचा पडद्यावरचा कीबोर्ड, टॅब फिरवला की पडदा आणि टच दोन्ही एकत्र फिरतात. २ जीबीवर मात्र फायरफॉक्समध्ये दोन पाने उघडली की नोम रांगू लागतो.

इन्स्टॉल झाले, पण बूटच होत नाही

पेनड्राइव्ह काढून सुरू केले आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' आले, तर पुन्हा सगळे करू नका. काही टॅबचे यूईएफआय विंडोजचा किंवा ठरलेला एकच पत्ता तपासते, डेबियनने दिलेली नोंद वाचत नाही. नेटइन्स्टचा पेनड्राइव्ह परत लावा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रेस्क्यू मोड निवडा. रूट फाइल सिस्टिम कोणती विचारल्यावर आतल्या डिस्कचे मोठे पार्टिशन द्या, बहुतेक ते शेवटी पी२ असलेले असते. पुढच्या यादीत 'फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ' ही ओळ आहे. ती चालवली की ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरची, प्रत त्या ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि टॅब सुरू होतो.

टच, आवाज, आणि मध्येच गोठणे

आवाज नसेल तर सायनॅप्टिक (सॉफ्टवेअर घालायचा प्रोग्रॅम) उघडून फर्मवेअर-इंटेल-साउंड हे पॅकेज घाला आणि टॅब बंद करून सुरू करा. बे ट्रेल व चेरी ट्रेलच्या आवाजाला लागणाऱ्या फाइली त्यात आहेत. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट 'स्पीकर' आहे की 'हेडफोन' ते बघा. हेडफोन निवडलेला राहिल्यामुळे शांत बसलेले टॅब पुष्कळ.

टच मेलेला असेल आणि चिप सायलीडची असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोणती फर्मवेअर फाइल शोधतो आहे ते टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) 'सुडो डीमेसेज' चालवून दिसते (डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे). सायलीड शब्द असलेली ओळ शोधा. हान्स डे गुडे या कर्नल विकासकाने अशा टॅबांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. गिटहब या संकेतस्थळावर जीएसएल-फर्मवेअर नावाच्या संग्रहात अनेक मॉडेलांच्या फाइली आणि विंडोजच्या ड्रायव्हरमधून त्या काढण्याची साधने आहेत. तुम्ही जपून ठेवलेला ड्रायव्हरस्टोअर इथे कामाला येतो. मिळालेली फाइल कर्नलने मागितलेल्याच नावाने लिब फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात, सायलीड नावाच्या फोल्डरात ठेवायची. एका अक्षराचा फरकही चालत नाही.

एक्सएफसीईमध्ये पडदा फिरवला तरी टच जुन्याच दिशेने चालतो, बोट वर नेले की बाण आडवा पळतो. तिथे टचची दिशा वेगळी फिरवावी लागते. ४ जीबीवाल्यांनी नोम घ्यावा म्हणतो त्याचे हेही कारण.

बे ट्रेल टॅब काम करता करता अचानक गोठतो, घड्याळही थांबते, असे झाले तर दोष प्रोसेसरच्या खोल झोपेचा असू शकतो. नव्या कर्नलमध्ये हे बरेच कमी झाले आहे. तरी होतच असेल तर ग्रब मेनूत ई दाबा आणि लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, हे जोडा: इंटेल, अंडरस्कोअर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोअर, सीस्टेट, बरोबरचे चिन्ह, १. यात कुठेही जागा सोडायची नाही. एफ१० दाबून सुरू करा. दिवसभर गोठला नाही तर मगच तो बदल ग्रबच्या सेटिंग फाइलीत कायमचा लिहा. बॅटरी थोडी लवकर संपेल.

मराठी

नोममध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिक चिन्ह, मग मराठी. विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलते. एक्सएफसीईमध्ये सायनॅप्टिकमधून आयबस आणि आयबस-एम१७एन घाला. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणीही आहे आणि उच्चारावर चालणारी फोनेटिकही. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल किंवा रोज लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस बोटे अडखळतील, नंतर पानेच्या पाने वेगाने होतात. फाँट्स-नोटो-कोअर पॅकेज घातले की जोडाक्षरे स्वच्छ दिसतात.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा. झेरॉक्सच्या दुकानातून आलेली फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा पाला दिसला तर ती युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली आहे. ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. विंडोजवरही, तो फाँट नसेल तर, ती तशीच दिसते.

मेमरी आणि व्हिडिओ

२ जीबीवाल्यांनी झेडरॅम-टूल्स हे पॅकेज जरूर घालावे. ते रॅमचाच काही भाग दाबून बसवलेल्या साठ्यासारखा वापरते, त्यामुळे रॅम भरल्यावर डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा (म्हणजे डिस्क रॅमसारखी वापरण्यापेक्षा) वेग टिकतो आणि आतली डिस्कही कमी झिजते. ईटीसी फोल्डरात डिफॉल्ट, त्यात झेडरॅमस्वॅप ही फाइल. पर्सेंटच्या ओळीपुढचे हॅशचे चिन्ह काढून आकडा ५० ठेवा.

यूट्यूब अडखळत असेल तर कारण बहुधा नेट नसते. बे ट्रेलची ग्राफिक चिप एच२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकते, व्हीपी९ नाही. यूट्यूब मात्र व्हीपी९ पाठवते, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्समध्ये एन्हान्स्ड-एच२६४इफाय हे ॲड-ऑन घाला, सायनॅप्टिकमधून आय९६५-व्हीए-ड्रायव्हर घ्या, आणि ४८० किंवा ७२० वर पाहा.

नागपूरचा उन्हाळा

या टॅबमध्ये पंखा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद खोलीतही टॅब आपला वेग स्वतः कमी करतो. दुपारी दोनला हळू आणि रात्री दहाला ठीक चालत असेल तर लिनक्समध्ये दोष शोधू नका. दुपारी चार्जिंग टाळा, पहाटे किंवा रात्री करा. उष्ण असताना चार्ज होणारी बॅटरी लवकर फुगते. रबरी कव्हर काढा, टॅब गादीवर न ठेवता लाकडी टेबलावर उभा ठेवा. कूलरच्या अगदी तोंडासमोरही नको, ओली हवा चार्जिंगच्या भोकात शिरते.

झाकण मिटून किंवा पॉवर दाबून टॅब 'झोपवला' तरी अनेक मॉडेलांत रात्रभरात बॅटरी बरीच उतरते. रात्री पूर्ण बंद करा. वापर नसेल त्या आठवड्यांत ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून थंड कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा काढून अपडेट घ्या. तेव्हा टॅब चार्जरला लावलेला असू द्या. अपडेटच्या मध्ये लाईन गेली तरी चालते, बॅटरी शून्यावर गेली तर मात्र पॅकेजेस अर्धवट राहतात. तसे झाले तर टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी', पुढे जागा, दोन उणे चिन्हे आणि कॉन्फिगर, पुन्हा जागा, एक उणे चिन्ह आणि ए अशी आज्ञा द्या. अर्धे राहिलेले काम तिथून पुढे पूर्ण होते.